मागची शिवण

९ जानेवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तू नेहमी म्हणतेस की माझ्या पत्रात पगार झाला आणि सर्दी झाली याशिवाय काही नसतं. तर आज वेगळी बातमी घे. तुझ्या भाच्याचा गळा कापला गेलाय, तोही भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर.

काजवाली तुला ठाऊक आहे. आमच्या दुकानातले कोट-पँट काज-बटणाला आणि तुरपाईला जिच्या घरी जातात ती. दोन वर्षं मी कापतोय आणि ती काज करतेय, आणि आमचं जे काही आहे ते त्या गठ्ठ्यांबरोबरच जातं-येतं. एकदा मी एका कोटाच्या अस्तरावर खडूनं 'जेवलीस का?' असं लिहिलं आणि ते पुसायचं राहून कोट थेट गिऱ्हाइकाच्या घरी गेला. त्या सद्गृहस्थांच्या घरी आठवडाभर अबोला होता म्हणे. या हिवाळ्यात मी तिच्या वडिलांना विचारणार होतो. मागच्या हिवाळ्यातही विचारणार होतो, पण ते सोड.

काल तिचे वडील दुकानात आले. ड्रायव्हरकाका. उभा जन्म बस चालवली, आता घरी असतात, पण अजून खुर्चीत बसण्याआधी डावी-उजवीकडे आरसे असल्यासारखं बघून घेतात. काखेत कापड होतं. आत्या, काय कापड! गडद राखाडी, लोकरी, हातावर घेतलं की खाली ओघळावं असं. म्हणाले, "सूट शिवायचाय. जावयासाठी. पोरीचं जमवलं एकदाचं."

मास्तरांनी विचारलं, "माप?"

"पोरगा असतो आपल्या कामात, त्याला काही सांगायची सोय नाही. पण बांधा अगदी या तुमच्या कटरसारखा. ह्याचंच माप घ्या की." आणि हसले. वर मला डोळा मारला. म्हणजे मेलेल्याला मारायचं आणि वर त्यानंच स्वतःची तिरडी बांधायची!

गेले काही दिवस गठ्ठे न्यायला ती येतच नव्हती, काकाच येत होते. तेव्हाच मी समजायला हवं होतं. संध्याकाळी तिच्या गल्लीतून गेलो तर ती खिडकीत होती. मला बघितलं, हसली आणि पडदा ओढून घेतला. हसली, आत्या! मी खोलीवर आलो आणि तिनं विणलेला मफलर कात्रीनं उभा कापला. मग थंडी वाजायला लागली.

मी सूड घेणार. कसा ते अजून ठरलं नाही, पण घेणार. मला उपदेश करू नकोस. 'तिला विचारून तर बघ' असलं काही लिहू नकोस. डोळ्यांना दिसतंय ते विचारायचं कशाला?

तुझा,
जळून खाक झालेला भाचा


१३ जानेवारी

चि. काडेपेटीस,
अनेक आशीर्वाद.

उपदेश करू नकोस असं आत्याला सांगायचं म्हणजे मांजराला दूध राखायला बसवायचं. शिवाय मला सध्या दुसरा उद्योग नाही. इस्पितळाच्या पायरीवरून घसरून पाय मोडून घेतलाय, घाबरू नकोस, प्लॅस्टर घातलंय. इतकी वर्षं ज्या चादरी फाटल्या की मी शिवायची, त्याच चादरींवर पसरून पडले आहे. एक गोष्ट कळली, माझे टाके पाठीला टोचतात. आजवर कुणा रोग्यानं तक्रार केली नाही, बिचारे.

आता तुझं. बाळा, तुझा सूड नेहमी आपल्याच घरचा पत्ता विचारत येतो. सात वर्षांचा असताना शेजारच्यानं चेंडू दिला नाही म्हणून त्याच्या कौलांवर दगड मारलास. तो आपल्या पाण्याच्या टाकीला लागला आणि आठवडाभर बादल्या आपण वाहिल्या. पहिल्या नोकरीत मालक म्हणाला कॉलर वाकडी आहे, तर तू उभ्या उभ्या काम सोडलंस. कॉलर वाकडीच होती, हे तूच मला नंतर सांगितलंस. आणि आता तो मफलर. हिवाळा संपायच्या आधी मफलर कापणारा शहाणा मी आजवर पाहिला नव्हता.

दोनच गोष्टी सांगते. एक, तिला विचार. दोन, तो सूट असा शीव की तसा जन्मात शिवला नव्हतास. कपडा शेवटी कुणाच्या अंगावर चढेल हे शिवणाऱ्यानं कधी गृहीत धरू नये. याहून जास्त मला बोलता येत नाही. पाय मोडलाय आणि जीभही बांधलेली आहे.

तुझी,
आत्या


१४ जानेवारी

ड्रायव्हरभाऊंना,
नमस्कार वि. वि.

तुम्ही मागच्या महिन्यात पत्र पाठवून माझ्या भाच्यासाठी तुमची मुलगी देऊ केलीत, तेव्हा मला इतका आनंद झाला की तुमची अट मी न वाचल्यासारखीच कबूल करून टाकली. महिनाभर पोराला काही सांगायचं नाही, त्याच्याच हातून त्याचा सूट शिवून घ्यायचा आणि चार लोकांत त्याच्याच अंगावर चढवायचा. वाचताना गंमत वाटली होती. आता त्याचं पत्र आलंय आणि गंमत उरलेली नाही.

भाऊ, तो तुमच्या डोळा मारण्याचा अर्थ भलताच लावून बसलाय. त्याला आई-बाप नाहीत, मी वाढवलाय, म्हणून माहीत आहे. मनानं सोनं आहे, पण आधी पेटतो आणि मग काडी कुणी ओढली ते शोधतो. हात जोडते, सांगून टाका. मी शब्द दिलाय म्हणून माझ्या तोंडून जाणार नाही. पण तुम्ही मला मोकळं करा.

आपली,
ताई


१९ जानेवारी

ताईंना,
नमस्कार.

तुमचा पाय मोडल्याचं वाचून वाईट वाटलं. पायऱ्या उतरताना घाई करू नये, हे मी बसमधून उतरणाऱ्या माणसांना आयुष्यभर सांगितलं.

ताई, सांगणार नाही. रागावू नका. पोरगा तापट आहे हे मला तुमच्याइतकंच माहीत आहे. दुकानात त्यानं एकदा गिऱ्हाइकाशी वाद घालून टेप रस्त्यावर फेकलेला मी स्वतः पाहिलाय. म्हणून तर हे सगळं. मी ब्रेक तपासल्याशिवाय कधी गाडी उतारावर घातली नाही. आणि ब्रेक सपाट रस्त्यावर तपासता येत नाही. आमच्या डेपोत एक पोरगा होता, हुशार, हात असा की गाडी लोण्यातून जावी. पण कुणी पुढे गेलं की त्याला सहन व्हायचं नाही. त्याचं काय झालं ते तुम्हाला आडवं पडल्या पडल्या सांगत नाही.

मला एवढंच बघायचंय. मनासारखं झालं नाही तर हा पोरगा काय करतो? येऊन भांडला तरी मला चालेल. रडला तर फारच बरं. गप्प राहून नीट सूट शिवला तर मी त्याला खांद्यावर घेऊन नाचेन. पोरगी म्हणते, "बाबा, हे बरं नाही, मी खिडकीत उभी राहिले तरी मला हसू आवरत नाही." तिलाही मी शब्दात बांधलंय. आता थोडेच दिवस. सोळा फेब्रुवारीला, रविवारी, जवळच्या माणसांना बोलावून लग्न पक्कं झाल्याचं सांगायचं. तोवर दम धरा.

तुमचा,
ड्रायव्हरभाऊ


२५ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न.

तुझं ऐकलं! सूट असा शिवलाय की मास्तरांनी चष्मा काढून, पुसून, परत लावून बघितला. पहिल्या कापापासून शेवटच्या टाक्यापर्यंत मीच, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. खांदे तर असे बसलेत की हँगरलासुद्धा माणूस झाल्यासारखं वाटावं. माप माझंच, म्हणून मीच घालून आरशासमोर उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, क्षणभर मीच नवरदेव वाटलो. डोळ्यांत पाणी आलं. मग त्या हरामखोराचा विचार आला आणि पाणी आटलं.

आता ऐक माझा सूड. पँटची मागची शिवण, जिच्यावर बसताना-उठताना माणसाची सगळी अब्रू टांगलेली असते, ती मी मशीनचा टाका सगळ्यात लांब करून, कच्च्या दोऱ्यानं मारली. मापात बसतंय का ते बघायला आपण जो दोरा घालतो आणि नंतर उपटून टाकतो, त्या दोऱ्यानं. वरून इस्त्री अशी केली की मास्तरांनाही कळलं नाही. उभा राहील तोवर राजा. पण लोकांसमोर एकदा वाकला की फर्रकन! जन्मभर तिच्या डोळ्यांसमोर तो एकच देखावा राहील. मी कुणाला हात लावला नाही, शिवी दिली नाही. बघ, किती शांतपणे वागलो! तू उगाच मला काडेपेटी म्हणतेस.

कोट आणि पँट आता काजाला आणि तुरपाईला तिच्याच घरी गेलेत. मीच नेऊन दिले. तिनं गठ्ठा छातीशी धरला आणि परत हसली. हस म्हटलं, हस.

तुझा भाचा


३० जानेवारी

चिरंजीवास,
आशीर्वाद नंतर. आधी हे वाच.

पत्र हातात आहे तसा ऊठ, तिच्या घरी जा आणि ती पँट परत आण. काय वाटेल ते कारण सांग. मागची शिवण उसव आणि पक्क्या दोऱ्यानं पुन्हा मार. तुला माझी शपथ आहे.

का, ते मी सांगू शकत नाही. खरं तर सांगू शकते. शब्द मोडायला काय लागतं, एक ओळ लागते. ती ओळ मी काल दोनदा लिहिली आणि दोनदा कागद फाडला. शब्द दिलाय म्हणून नव्हे. ती ओळ वाचून तू धावत जाशील हे मला माहीत आहे, पण तू भीतीपोटी जाशील. मला तू लाजेपोटी जायला हवा आहेस. ज्या माणसानं तुझं काही वाकडं केलं नाही, ज्याचं तोंडही तू पाहिलेलं नाहीस, त्याला भर लोकांत उघडा पाडायला निघालास, ते कशासाठी? तुला पडदा ओढलेला दिसला म्हणून? तुला मशीनवर बसवलं तेव्हा मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? वरून दिसतं त्यासाठी गिऱ्हाईक पैसे देतं, आणि आत असतं त्यासाठी विश्वास ठेवतं.

मला खात्री आहे तू जाशील. मी वाढवलाय तुला. वाटलं तर माझ्यावर चिडत जा, पण जा.

आत्या


६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

गेलो होतो. तुझ्या शपथेसाठी गेलो, त्या माणसासाठी नाही.

दार तिनंच उघडलं. म्हटलं, "ती पँट द्या जरा, एक काम राहिलंय." मी आता तिला अहो-जाहो करतो. ती हसली नाही. डोळे सुजल्यासारखे होते, माहेर सुटणार म्हणून असतील. पँट आत खुंटीवर होती, मला दिसत होती.

तिनं विचारलं, "काय राहिलंय?"

मी खुंटीकडे बघत राहिलो.

मग हळू आवाजात म्हणाली, "सांग ना. जे असेल ते सांग. मी कुणाला सांगणार नाही."

आत्या, माझ्या जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं. तेवढ्यात आतून ड्रायव्हरकाकांचं शीळ घालणं ऐकू आलं आणि नवे पडदे दिसले, कोपऱ्यात नव्या खुर्च्या रचलेल्या दिसल्या. हे सगळं त्याच्यासाठी! आणि ही मला विचारतेय काय राहिलंय! माझं काय राहिलंय हे हिला माहीत नाही? डोकं फिरलं. म्हणालो, "काही नाही. सगळं झालेलं आहे." आणि बाहेरचा जिना उतरून आलो. तीन घरं पुढे गेल्यावर मागे वळून बघितलं, ती अजून दारातच होती.

वर सोळा तारखेला मास्तरांबरोबर मलाही बोलावलंय. काका म्हणाले, "सूट तूच घेऊन ये, तुझ्याशिवाय कार्यक्रम होणार नाही." जाणारच. पहिल्या रांगेत बसणार.

भाचा


१८ फेब्रुवारी

आत्या,

हे पत्र दुसऱ्या गावातून आहे. पत्ता मागे लिहिलाय, तो कुणाला देऊ नकोस.

काय झालं ते तुला सांगायला नकोच, तुला सगळं आधीपासून माहीत होतं. तरी शेवट माहीत नसेल, तो ऐक.

काज-बटणं होऊन आलेला सूट मास्तरांनी स्वतः इस्त्री करून बांधून ठेवला होता, तो हातात घेऊन मी गेलो. घर भरलेलं होतं. मास्तर, शेजारपाजारचे, डेपोतले जुने लोक. मी नवरदेव शोधत होतो. काकांनी टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घाला जावईबापू. तुमच्याच मापाचा आहे."

लोक हसले. मी हसलो नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती शिवण होती. मला आतल्या खोलीत ढकललं. तिथे दोन म्हातारे बसलेले, उलटून बघायचीही सोय नव्हती. दुसरी पँट मागावी तर कारण काय सांगू? घातला. बाहेर आलो तो फळी बांधल्यासारखा. खुर्ची दिली, बसलो नाही. चहा दिला, उभ्यानं घेतला. मास्तर म्हणाले, "काय रुबाब आहे पोराचा!" एक बाई म्हणाल्या, "किती शिस्त!" मी घामानं निथळत होतो. तिच्याकडे बघितलं. ती समोर भिंतीला टेकून शांत उभी होती आणि माझ्याकडेच बघत होती.

आणि काकांचा चष्मा पडला. माझ्या पायाशी. म्हणाले, "उचल रे बाबा, मला वाकवत नाही."

सगळं घर बघत होतं. मी डोळे मिटले आणि वाकलो.

काही झालं नाही, आत्या. शिवण हललीसुद्धा नाही. पाठ सरळ करता करता मी हात मागे नेला. बोटांना लगेच कळलं. दुहेरी दोरा, हातशिलाई, तांदळाच्या दाण्याएवढा टाका. तो टाका मी गेली दोन वर्षं रोज हाताळतोय.

म्हणजे तिला माहीत होतं! तिला माहीत, काकांना माहीत, तुला माहीत. सगळे जण मिळून महिनाभर माझा तमाशा बघत होते आणि मी एकटा अस्वलासारखा नाचत होतो. माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येत नाही. मी चष्मा काकांच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मला हे लग्न नको. चेष्टा करायला दुसरा जावई शोधा." आणि निघालो. अंगावर तोच सूट होता. तिनं एक हात पुढे केला, म्हणजे केला होता बहुतेक. मी बघायला थांबलो नाही.

पहिली गाडी मिळाली ती पकडली. झाला माझा सूड. वेगळा झाला, पण जबरदस्त झाला. काकांचं तोंड तू बघायला हवं होतंस.

तूही मला फसवलंस. आता मला पत्र पाठवू नकोस.


२४ फेब्रुवारी

बाळा,

सरळ मुद्द्यावर येते, कारण ही वेळ शब्द खेळवायची नाही.

मुलगी काल मला भेटायला आली होती. एकटी, दोन गाड्या बदलून. माझ्या खाटेजवळ स्टूल ओढून बसली आणि आधी माझ्या चादरीचा सुटलेला काठ शिवला. मग बोलली. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"आत्या, पँट उलटी केल्या केल्या मला कळलं. तो इतकं वाईट शिवूच शकत नाही, मुद्दाम शिवल्याशिवाय. दोन दिवस मी रडले. मग तो आला. मला वाटलं, आता सांगेल. दोनदा विचारलं, तरी नाही सांगितलं. खूप राग आला. मग ती शिवण पूर्ण उसवली आणि दार लावून पुन्हा घातली. म्हटलं, त्याला उसवता येतं, मला शिवता येतं. निभेल आमचं."

ऐकलंस? आणि हे तिनं बापाला सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही. ड्रायव्हरभाऊंना शिवणीतलं काही माहीत नाही. चष्मा त्यांच्या नाकावरून खरोखरच घसरला होता, ते बिचारे आनंदानं रडत होते. तू बाहेर पडलास तरी ते म्हणत होते, "चूक माझी आहे, मी फार ताणलं." चूक माझीही आहे. एक ओळ लिहायची होती, ती मी तुझ्या चांगुलपणाची परीक्षा घ्यायला राखून ठेवली. दोन म्हाताऱ्यांनी मिळून काडेपेटी घासून बघितली आणि वर म्हणतात, अरे पेटली!

पण तुझी चूक सगळ्यात मोठी. तू वाकलास तेव्हा ती काय विचार करत होती माहीत आहे? "आता त्याला बोटांनी कळेल, आणि हे जन्मभर आमच्या दोघांतच राहील." तुला बोटांनी कळलं. पुढचं नाही कळलं. तुला वाटलं घरभर लोकांना माहीत आहे, आणि माहीत होतं ते तिला एकटीला. तिनं तुझी अब्रू झाकली आणि तू उठून तिचीच भर लोकांत घालवलीस.

अजून काही गेलेलं नाही. ती म्हणाली, "मार्च संपेपर्यंत मी बाबांना दुसरं काही बघू देत नाही. तो आला आणि तोंडानं एकदा चुकलो म्हणाला, तर पुरे." एकदाच म्हणायचंय. जमेल ना?

ये. पत्र वाचून खाली ठेवू नकोस, तसाच ये.

तुझी आत्या


३ एप्रिल

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुझा पाय कसा आहे? प्लॅस्टर निघालं का?

तुझं पाकीट फेब्रुवारीच्या शेवटी आलं होतं. मी उघडलं नाही. रागात होतो. त्याच्यावर 'घेणार नाही' असं लिहून पोस्टमनच्या हातात परत दिलं. शिव्याच असणार म्हटलं. आता वाटतं, निदान शिव्या तरी वाचायला हव्या होत्या. इथे कुणी शिव्याही देत नाही.

मी तयार कपड्यांच्या कारखान्यात लागलोय. इथे एक माणूस एकच काम करतो. कुणी दिवसभर खिसे लावतो, कुणी पट्टे. मला काय दिलंय सांगू? पँटची मागची शिवण. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीच, एकामागून एक. सुपरवायझर म्हणतो, तुझ्या शिवणीसारखी पक्की शिवण इथे कुणाची नाही. हसावं का रडावं कळत नाही.

तो सूट माझ्याजवळ आहे. पहिल्या आठवड्यात ती हातशिलाई उसवायला ब्लेड घेऊन बसलो होतो. एक टाका कापला आणि हात पुढे गेला नाही. तो कापलेला टाका मी परत घातला, तिच्यासारखा जमला नाही. मग बराच वेळ ती शिवण बघत बसलो. आत्या, ज्याला कुणाची फजिती करायची असते तो असं शिवत नाही, हो ना? त्याला काय, तशीच ठेवायची होती. वाकलो असतो आणि फजिती झाली असती. मला हे कळायला एवढे दिवस लागले. मी गाढव आहे.

मला परत यायचंय. तिच्या दारात उभा राहून, काकांसमोर, मास्तरांसमोर, म्हणशील त्याच्यासमोर, चुकलो म्हणायचंय. तू आधी तिला विचारून बघ, माझं ऐकून घेईल का. या वेळी मी विचारल्याशिवाय काही करणार नाही. तुझं उत्तर येईपर्यंत इथून हलणार नाही, शपथ. शहाणा झालोय ना?

तुझा,
भाचा


९ एप्रिल

चि. बाळास,
आशीर्वाद.

पाय बरा आहे. काठी घेऊन चालते.

तू परत पाठवलेलं पाकीट सोबत ठेवलंय. बंद आहे तसंच. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस?

आता ऐक. मार्चचे शेवटचे दिवस ती रोज दुकानात जात होती, गठ्ठे स्वतः न्यायला. मास्तर सांगत होते, दार वाजलं की मान वर करायची. महिना संपला आणि तिनं बापाला सांगितलं, बघा तुम्हाला कुणी बघायचं असेल तर. डेपोतलाच एक मेकॅनिक आहे, ड्रायव्हरभाऊंच्या हाताखाली वाढलेला. दिसायला तुझ्यापुढे काही नाही. पण त्याचे हात कायम तेलाचे, त्यामुळे राग आला तरी आधी फडक्याला हात पुसतो आणि मग बोलतो. भाऊ म्हणाले, तेवढ्या वेळात निम्मा राग निघून जातो. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी दोघांनी होकार दिला. आयुष्यात एकदाच तू विचारून करायचं ठरवलंस, आणि तेही विचारायला उशीर झाला.

तरी तू सांगितलंस म्हणून मी काठी टेकत तिच्याकडे गेले. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. तू टाका कापून परत घातलास तिथपर्यंत आले तेव्हा ती उठून आत गेली. बऱ्याच वेळानं आली, तोंड धुतलेलं होतं. नाही म्हणाली. तुझ्यावर राग आहे म्हणून नव्हे. त्या माणसाला होकार देऊन झालाय, आणि त्यानं तिचं काही वाकडं केलेलं नाही, म्हणून.

मी खूप रडले, बाळा. तुझ्यासाठी आणि माझ्यासाठीही. मला ती सून म्हणून हवी होती.

मास्तरांकडे नवं कापड आलंय. या वेळी मुलगा स्वतः येऊन उभा राहिला आणि माप देऊन गेला. काज तीच करणार आहे. तू येऊ नकोस. आलास तर तुला बघून तिचा हात हलेल.

निघताना तिनं मला जिन्यापर्यंत सोडलं. म्हणाली, "त्याला म्हणावं, पँट चांगली झालीय, ट्रंकेत ठेवू नकोस, वापर. शिवणीची काळजी करू नकोस. ती सुटणार नाही."

तुझी,
आत्या